शोधनिबंध मोजावेत की वाचावेत?

नांदेड किंवा लातूरच्या वर्तमानपत्राचे स्थानिक पान चाळले, की अधूनमधून एक बातमी हमखास दिसते. अमुक महाविद्यालयातील प्राध्यापकाचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध, तमुक संशोधकाच्या नावावर इतके शोधनिबंध आणि इतकी सायटेशन, किंवा जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत मराठवाड्याचा सुपुत्र. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो असतो. वाचणाऱ्याला बरे वाटते आणि तो पान उलटतो. त्या आकड्यांचा अर्थ काय, हे बातमीत नसते आणि कोणी विचारतही नाही.

संशोधक औषधशास्त्राचा, म्हणजे फार्माकॉलॉजीचा असेल, तर हा प्रश्न विचारायलाच हवा. या विषयातले संशोधन शेवटी गोळी, इंजेक्शन किंवा सलाइन होऊन कोणाच्या तरी शरीरात जाते. एखाद्या औषधाबद्दल कागदावर लिहिलेले चुकले, तर त्याची किंमत मुखेड, कंधार, औसा किंवा निलंग्याच्या रुग्णाला मोजावी लागते. ज्या औषधाबद्दल कोणी काही लिहिलेच नाही, त्याची किंमतही तोच मोजतो.

आकडे नेमके काय सांगतात?

एका संशोधकाने लिहिलेल्या निबंधाचा दाखला दुसऱ्याने आपल्या निबंधात दिला, की पहिल्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा होते. मराठीत याला उद्धरण म्हणतात. कोणी कोणाचा दाखला दिला याची पद्धतशीर सूची अमेरिकेच्या युजीन गारफील्ड यांनी १९६४पासून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ग्रंथपालांना आणि संशोधकांना हवा तो संदर्भ चटकन सापडावा, हा तिचा मूळ हेतू होता. त्या सूचीतूनच पुढे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ निघाला. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचे यंदा सरासरी किती वेळा दाखले दिले गेले, तो हा आकडा. म्हणजे तो नियतकालिकाचा आहे, त्यात छापून आलेल्या एकेका निबंधाचा किंवा लेखकाचा नाही. शाळेचा निकाल ९५ टक्के लागला म्हणून त्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ९५ टक्के मिळाले, असे कोणी म्हणत नाही. बायोडाटामध्ये मात्र नेमके हेच केले जाते.

‘एच-इंडेक्स’ व्यक्तीसाठी आहे. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५मध्ये सुचवला. एखाद्याचे २५ निबंध असतील आणि त्यांतल्या १० निबंधांचे प्रत्येकी किमान १० वेळा दाखले दिले गेले असतील, तर त्याचा एच-इंडेक्स १०. दोन टक्क्यांची यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन योआनिडिस आणि सहकाऱ्यांनी तयार केली आहे. स्वतःच स्वतःचे दाखले देऊन आकडा फुगवता येतो, हे ठाऊक असल्याने त्यांनी असे दाखले धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे दिले आहेत. बातमीत त्यातला कोणता आकडा आला, हे सहसा कळत नाही.

हे आकडे निरुपयोगी नाहीत. एखादे काम इतर संशोधकांच्या नजरेत भरले की नाही, याचा अंदाज त्यातून येतो. पण मधुमेहावर जगभरात हजारो लोक संशोधन करतात, हजारो निबंध लिहितात आणि एकमेकांचे दाखले देतात. विंचूदंशावर संशोधन करणारे मूठभर. त्यामुळे मधुमेहावरचा सामान्य निबंधही विंचूदंशावरच्या उत्तम निबंधाला सायटेशनमध्ये सहज मागे टाकतो. विंचू चावलेला शेतमजूर बरा होऊन घरी जातो, तो निबंध लिहीत नाही. त्याचे वाचणे कोणत्याही सूचीत जमा होत नाही.

सर्पगंधेची गोष्ट

महाराष्ट्रातली दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले मुंबईचे. सर्पगंधेची मुळी आयुर्वेदाला पूर्वीपासून माहीत होती. १९३१मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती उच्च रक्तदाबावर आणि मानसिक विकारांवर उपयोगी पडते, असा निबंध लिहिला. तो भारतातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेला जवळजवळ पडलाच नाही. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. तो बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला, औषध मागवले, स्वतःच्या रुग्णांवर वापरून पाहिले आणि निष्कर्ष दुजोऱ्यासह प्रसिद्ध केले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे केले. रक्तदाबावर प्रभावी औषधेच जवळपास नव्हती, अशा काळात हे औषध जगभर गेले. १९५७मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या गोष्टीतून दोन धडे निघतात. कुठे छापले याला महत्त्व आहे, हा पहिला. सेन आणि बोस यांचे काम खोटे नव्हते, पण ते दूर पोचले नाही. चांगले काम कपाटात ठेवणे हाही रुग्णावर अन्यायच आहे. दुसरा धडा असा, की वकिलांच्या निबंधाचे नशीब फळफळले ते कोणीतरी तो वाचला, पडताळून पाहिला आणि पुढे नेला म्हणून. बोस्टनच्या त्या एका वाचकाचे मोल शंभर वरवरच्या दाखल्यांपेक्षा जास्त होते.

महाडचे दोन पानी टिपण

दुसरे उदाहरण मराठवाड्याला जवळचे आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. त्यांची कर्मभूमी रायगड जिल्ह्यातले महाड. सरकारी नोकरीत असताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले. तरणीताठी माणसे आणि लहान मुले काही तासांत दगावत होती. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही पुढच्या हृदयविकाराची पूर्वसूचना असते, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेपाशी बसून टिपले. १९८२मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. त्या काळी अशा रुग्णाला ॲलर्जीवरची इंजेक्शने, स्टेरॉइड, ॲट्रोपिन असे हाताशी असेल ते दिले जाई. बावस्करांनी औषधशास्त्राच्या अंगाने विचार केला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या असतील, तर त्यासाठीचे औषध बाजारात आहेच. ते म्हणजे प्राझोसिन, रक्तदाबाची स्वस्त गोळी. १९८६मध्ये त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर जेमतेम दोन पानांचे टिपण लिहिले. गंभीर विंचूदंशात पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू प्राझोसिनच्या वापरानंतर एक टक्क्याच्या घरात आले, असे त्यांच्या लेखनात नोंदले आहे.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरची लस उपलब्ध झाल्यावर, केवळ प्राझोसिन द्यावे की सोबत लसही, असा प्रश्न उभा राहिला. स्वतःचीच पद्धत त्यांनी कसोटीला लावली. ७० रुग्णांचे ३५-३५ असे दोन गट केले आणि कोण कोणत्या गटात जाणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्राझोसिनच्या गटात ८ होते, तर प्राझोसिन आणि लस या गटात ३२. हा निबंध २०११मध्ये ‘बीएमजे’मध्ये आला. ज्या औषधाने स्वतःचे नाव झाले, ते एकटे पुरेसे नाही असे दाखवणारी चाचणी स्वतःच करणे, याला संशोधन म्हणतात. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

नांदेड जिल्ह्यातही असे काम झाले आहे. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. दिलीप पुंडे यांनी दहा वर्षांच्या अनुभवावरचा निबंध २००५मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये लिहिला. महाड आणि मुखेड, दोन्ही ठिकाणी ना विद्यापीठ होते, ना मोठी प्रयोगशाळा. रुग्ण होते, नोंदी होत्या आणि प्रश्न स्वतःचा होता.

भरपूर दाखले, चुकीचे औषध

याच्या उलट उदाहरणेही औषधशास्त्रातच आहेत. १९८०मध्ये अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांना व्यसन लागल्याची नोंद आहे, एवढाच त्याचा आशय. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. तरीही पुढच्या काळात ‘या औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून हेच पत्र पुढे केले गेले. २०१७मध्ये कॅनडातील संशोधकांनी मोजले, तेव्हा त्या पत्राचे ६०८ वेळा दाखले दिले गेले होते. त्यातल्या सुमारे ८१ टक्के लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हेही सांगितले नव्हते. दाखले देणाऱ्या कित्येकांनी ती पाच वाक्ये धड वाचलीही नसावीत. तोवर अमेरिकेत या गोळ्यांनी लाखो घरे पोखरली होती. अखेर त्या नियतकालिकाला पत्राच्या माथ्यावर सावधगिरीची सूचना छापावी लागली.

दुसरे उदाहरण करोनाकाळातले, सगळ्यांच्या आठवणीतले. मार्च २०२०मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील गटाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने करोनाचा विषाणू लवकर जातो, असा निबंध लिहिला. त्यात रुग्ण होते फक्त ३६. औषध घेतलेल्यांपैकी सहा जण मध्येच गळाले होते आणि त्यांना हिशेबातून वगळले होते. तरीही त्या निबंधाचे हजारो वेळा दाखले दिले गेले. त्या वसंतात जगभर या गोळीसाठी धावाधाव झाली आणि संधिवाताच्या ज्या रुग्णांना ती खरोखर लागते, त्यांना ती मिळेना. जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखल रुग्णांना या गोळीचा फायदा नाही, असे दाखवले. मूळ निबंध मागे घेतला गेला तो डिसेंबर २०२४मध्ये. मागे घेतल्याने त्याची सायटेशन पुसली जात नाहीत.

तेव्हा सायटेशन म्हणजे बोलबाला. बोलबाला चांगल्या कामाचाही होतो आणि चुकीच्याही. आकडा दोघांत फरक करत नाही. तो फरक करायचा, तर निबंध उघडून रुग्ण किती, तुलना कशाशी, किती गळाले, पैसा कोणाचा, हे वाचावे लागते.

मोजणीचा धंदा

मग मोजणी आली कशी? तिच्यामागे एक न्याय्य कारण होते, हे मान्य केले पाहिजे. बढती ज्येष्ठतेवर, ओळखीवर किंवा मर्जीवर मिळण्यापेक्षा कामावर मिळावी, हा हेतू रास्त होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०मध्ये प्राध्यापकांसाठी गुणांकन आणले. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५मध्ये वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांच्या अटी कडक केल्या. त्यात ठराविक प्रकारचेच निबंध आणि पहिल्या दोन लेखकांचीच नावे ग्राह्य धरली होती. त्या अटी पुढे बदलत गेल्या. पण महाडचे ते दोन पानी टिपण अशा एखाद्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात बसले असते, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

मागणी निर्माण झाली की पुरवठा करणारे येतात. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून मिळेल, अशी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवली. २०१३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी एक बनावट निबंध रचला. दगडफुलातल्या एका द्रव्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, असा दावा. त्यातल्या चुका पदवीच्या विद्यार्थ्यालाही दिसाव्यात अशा. तो त्यांनी ३०४ नियतकालिकांकडे पाठवला आणि १५७ जणांनी स्वीकारला. स्वीकारणाऱ्यांत भारतातल्या प्रकाशकांची संख्या मोठी होती. निबंध औषधशास्त्राचा होता, हे लक्षात घ्यावे.

या दुखण्यावर बोट ठेवणारे कामही महाराष्ट्रातूनच झाले. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन स्वतः वनौषधींच्या संशोधनातले जाणकार. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी करून २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. विद्यापीठांनी सुचवलेल्या, पण कोणत्याही मान्यवर सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. नंतर ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि २०२५मध्ये तीही बंद करून निर्णय संस्थांवर सोपवण्यात आला. यादी बदलली, पण मोजण्याची सवय गेलेली नाही.

सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणे मात्र योग्य नाही. शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय शिक्षकाचा दिवस बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड, तास, परीक्षा आणि न्यायालयाच्या साक्षींत संपतो. नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परभणी, हिंगोली, यवतमाळपासून तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांपर्यंतचे रुग्ण येतात. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतही धाराशिव आणि बिदरकडचे लोक येतात. या गर्दीत संशोधनासाठी वेगळा वेळ नाही, संख्याशास्त्राचा सल्लागार सहज मिळत नाही, आणि बढतीची तारीख डोक्यावर. अशा माणसाला निबंधांची संख्या विचारली, तर तो संख्या आणून देतो.

लातूर पॅटर्न आणि स्वतःचा प्रश्न

गुणांची ही ओढ मराठवाड्याला नवी नाही. लातूर पॅटर्नने हजारो सामान्य घरांतली मुले डॉक्टर आणि इंजिनिअर झाली. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत आजही राज्यभरातून मुले येतात. त्या शिस्तीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो आणि त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. संशोधनात प्रश्न स्वतःला शोधावा लागतो आणि उत्तर कोणालाच माहीत नसते. आयुष्यभर गुण मोजत आलेली पिढी प्राध्यापक झाल्यावर निबंधही गुणांसारखे मोजू लागली, तर नवल नाही. प्रश्न मात्र शेतात, वॉर्डात आणि औषधाच्या दुकानात पडून राहतात.

ते प्रश्न कोणते? सर्पदंशाचेच घ्या. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, दगावली असावीत, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले. भारतातली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते आणि त्यासाठीचे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या सापांचे असते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे आता स्पष्ट झाले आहे. मग गोदावरी आणि मांजराच्या खोऱ्यातल्या घोणशीला ती लस किती लागू पडते? किती कुप्या लागतात? कोणाला उशिरा त्रास होतो? हा शुद्ध औषधशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर या जिल्ह्यांतल्या वॉर्डांतल्या नोंदींतूनच निघू शकते.

फवारणीचेही तसेच. २०१७मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या पट्ट्यात दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून मारली जातात. अशा मिश्रणाच्या विषबाधेत ठरलेला उपचार कितपत पुरतो, हे कोण अभ्यासणार? गुडघेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड किती असते, वेदनाशामके खाऊन मूत्रपिंड गमावलेले किती, कोणते प्रतिजैविक इथल्या जंतूंवर आता चालत नाही? या कामांना न्यूयॉर्क किंवा लंडनमधून फारसे दाखले मिळणार नाहीत. पण त्यांची उत्तरे मिळाली, तर औषध लिहिणाऱ्या हजारो डॉक्टरांचा हात सुधारेल.

आकड्यात न येणारे काम

औषधशास्त्र विभागाचे एक महत्त्वाचे काम तर सायटेशनच्या खात्यात येतच नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी देशात २०१०पासून औषधदक्षता कार्यक्रम सुरू आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. वैद्यकीय महाविद्यालयांतली केंद्रे रुग्णांच्या खाटेपर्यंत जाऊन नोंदी घेतात आणि पाठवतात. अशाच नोंदींच्या आधारे नोव्हेंबर २०२३मध्ये आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला. पाळीच्या दुखण्यावर आणि अंगदुखीवर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या या गोळीने क्वचित, पण गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणे आणि आतल्या अवयवांना इजा असे तिचे स्वरूप असते. हा इशारा ज्या नोंदींमुळे मिळाला, त्या भरणाऱ्यांचा एच-इंडेक्स त्यामुळे एकानेही वाढला नाही.

वाचकांसाठी एक उपयोगाची गोष्ट: कोणत्याही औषधाने त्रास झाल्यास रुग्ण किंवा नातेवाईकही त्याची नोंद करू शकतात. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करता येते. त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे आणि नोंद नंतर करावी, हे वेगळे सांगायला नको.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, बढतीच्या आणि नेमणुकीच्या समितीने उमेदवाराचे तीन ते पाच निवडक निबंध मागवावेत आणि वाचावेत. बाकीच्यांची यादी जोडली तरी चालेल, पण तिला गुण नसावेत. उमेदवाराला तीनच प्रश्न विचारावेत. हा प्रश्न का निवडला? यात तुमचे स्वतःचे काम किती? यामुळे तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या उपचारात काय बदलले? पन्नास निबंधांवर नाव असलेल्या माणसालाही तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना घाम फुटू शकतो. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नये, असे जगभरातल्या संशोधकांनी आणि संस्थांनी २०१३च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात म्हटले आहे. त्यासाठी फार खर्चही लागत नाही. समितीच्या सदस्यांचा एक दिवस लागतो.

दुसरी गोष्ट, दुष्परिणामांच्या नोंदी, रुग्णालयाचे प्रतिजैविक धोरण, औषधसाठ्याचा अभ्यास, सर्पदंशाची नोंदवही ही कामे संशोधन म्हणूनच गणली जावीत. न फसलेल्याइतकेच फसलेल्या चाचणीचे अहवालही ग्राह्य धरावेत. औषध चालले नाही, हे कळणेही रुग्णाच्या भल्याचेच असते.

तिसरी गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रत्येक एमडी, एमएस विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. दरवर्षी वेगवेगळे, कोणीतरी आधीच केलेले विषय घेण्यापेक्षा नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांनी मिळून सर्पदंश, फवारणीची विषबाधा, प्रतिजैविके असे चार-पाच विषय दहा वर्षांसाठी ठरवले, तर एका विद्यार्थ्याच्या साठ-सत्तर रुग्णांऐवजी काही हजार रुग्णांची माहिती जमेल. तिच्यावरचा एक निबंध आजच्या पन्नास निबंधांना भारी ठरेल.

यावर एक आक्षेप येईल. वाचून ठरवायचे म्हटले, की पुन्हा मर्जी आणि वशिला आला. आकडा निदान निःपक्ष असतो. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून समितीत बाहेरचे तज्ज्ञ असावेत, त्यांचे अभिप्राय लेखी असावेत आणि उमेदवाराला ते पाहता यावेत. पण आकडा निःपक्ष असतो, हा भ्रम सोडावा लागेल. जो आकडा पैसे भरून आठ दिवसांत वाढवता येतो, तो निःपक्ष कसला? तो तर ऐपत असणाऱ्याच्या बाजूने झुकलेला असतो.

वाचकांनाही यात भूमिका आहे. पुढच्या वेळी ‘शंभर शोधनिबंधांचे मानकरी’ अशी बातमी दिसली, तर अभिनंदन जरूर करावे. मेहनतीशिवाय काहीच होत नाही. पण भेट झाली तर त्या प्राध्यापकांना विचारावे, ‘सर, तुमचा सर्वांत चांगला निबंध कोणता, आणि त्यात काय सापडले ते आम्हाला कळेल असे सांगाल का?’ खऱ्या संशोधकाला हा प्रश्न आवडतो. तो खुर्ची पुढे ओढून सांगू लागतो. आणि पत्रकारांनी बातमीत निबंधांच्या संख्येच्या जागी त्याच उत्तराची दोन वाक्ये छापावीत.

नांदेड आणि लातूरच्या वॉर्डांत रुग्णांची कमतरता नाही, प्रश्नांचीही नाही. पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतातून सर्पदंशाचा रुग्ण येतो, तेव्हा ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला ‘या भागातल्या घोणशीला किती कुप्या?’ याचे इथल्याच नोंदींवर आधारलेले उत्तर हाताशी हवे असते. ते लिहिणाऱ्याला सायटेशन किती मिळाली, हे त्या रात्री कोणी विचारणार नाही.